बाटलीवरची चिठ्ठी

मद्याविषयीं लिहिण्याचा अधिकार आम्हांला काडीइतकाहि नाहीं, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. आमचें सारें व्यसन चहाच्या पेल्यांत मावतें. आणि तेंहि सकाळीं दोन पेले व दुपारीं एक अशा बेतानें, कारण चौथ्या पेल्याचें नांव काढतांच स्वयंपाकघरांतून जो कटाक्ष येतो त्याला तोंड देण्याचें धैर्य इतक्या वर्षांच्या संसारानंतरहि आमच्या अंगीं आलेलें नाहीं. असें असतां एकदां सहा तरुण बिअरपरीक्षकांच्या बैठकींत वाढप्याचें काम आमच्याकडे आलें. त्या रात्रीं आम्हीं एक थेंबहि जिभेवर ठेवला नाहीं. पण नशा उतरली ती मात्र आमचीच.

ही गोष्ट 2013 च्या फेब्रुवारींतली. आमचा पुतण्या तेव्हां शिकागोस नोकरीला होता. आमची रजा शिल्लक होती आणि मुलासाठीं केलेलें मेतकूट, गोडा मसाला व चकलीची भाजणी पोंचविणारा विश्वासू मनुष्य आमच्या वहिनींना हवा होता. या दोन कारणांच्या संयोगानें आम्ही ऐन थंडींत त्या शहरीं जाऊन पडलों. बाहेर सरोवरावरून येणारा वारा कान कापून नेत होता, म्हणून बराच वेळ घरांतच जाई. पुतण्याच्या बैठकीच्या खोलींत आमचें लक्ष प्रथम गेलें तें एका लांब फळीकडे. आमच्या घरीं जेथें ग्रंथ असावयाचे तेथें त्याच्या घरीं रिकाम्या बाटल्या मांडलेल्या होत्या. प्रत्येकीवर निराळें चित्र, निराळें नांव, निराळें गांव. आमच्या चेहऱ्यावर जें उमटलें असेल तें वाचून तो घाईघाईनें म्हणाला, "काका, तुम्हांला वाटतें तसें नाहीं हें. आठवड्याला एक बाटली. मी पीत नाहीं, चाखतों."

कादंबऱ्या नुसत्या वाचूं नका, त्यांचा आस्वाद घ्या, असें आम्ही वर्गांत वीस वर्षें सांगत आलों होतों. त्यामुळें या युक्तिवादाला उत्तर देण्याची आमची सोय राहिली नाहीं.

पुढचे दोन दिवस त्यानें आमची शिकवणी घेतली. बिअरचीं मोठीं घराणीं दोन, एल आणि लागर. पहिलीचें किण्व उबेंत झपाट्यानें काम करतें, दुसरीचें थंडाव्यांत व सावकाश. 'लागर' हा शब्दच मुळीं सांठवून ठेवणें या अर्थाच्या जर्मन क्रियापदावरून आलेला. जवाला मोड आणून तो भाजला म्हणजे मॉल्ट होतो. त्यांतल्या साखरेचें किण्व मद्य बनवितें. मॉल्ट अधिक घातला कीं साखर अधिक, आणि साखर अधिक कीं मद्यार्क अधिक. हॉप्स नांवाच्या वेलीचीं फुलें कडवटपणा व सुगंध देतात. एकोणिसाव्या शतकांत जर्मनीहून आलेल्या लोकांनीं अमेरिकेंत लागर नेली. तिकडच्या जवांत प्रथिनें फार, म्हणून ती गढूळ होई. तेव्हां मका किंवा तांदूळ यांची भर घालून तिला हलकी व नितळ करण्याची युक्ति निघाली. तांदळाचें नांव ऐकून आम्हांला क्षणभर आपलेपणा वाटला. पण पुतण्याच्या मंडळींत तो शब्द 'भेसळ' या शब्दाच्या शेजारीं उच्चारला जाई.

त्यांच्या रागाला इतिहासहि होता. 1873 सालीं त्या देशांत 4,131 ब्रुअऱ्या होत्या. 1920 पासून 1933 पर्यंतच्या दारूबंदीनें त्यांचा संहार केला, आणि जें उरलें तें मोठ्या कंपन्यांनीं एकमेकांना गिळतां गिळतां संपविलें. 1970 नंतरच्या दशकाच्या अखेरीस साऱ्या देशांत मिळून शंभरहि ब्रुअऱ्या राहिल्या नव्हत्या. 1978 सालीं अध्यक्ष कार्टर यांच्या सहीनें घरगुती बिअर करण्यास कायद्याची मोकळीक मिळाली. मग हौशी लोकांनीं मोटारीच्या पडव्यांत पिंपें मांडलीं, त्यांतल्या कांहींनीं धंदा थाटला, आणि 2012 पर्यंत ब्रुअऱ्यांची संख्या दोन हजारांच्या वर गेली. यांच्या मालाला 'क्राफ्ट बिअर' म्हणतात. पुतण्या ही कथा ज्या आवाजांत सांगत होता त्या आवाजांत आमच्या लहानपणीं गड परत घेतल्याच्या कथा सांगत असत.

नेमक्या त्याच दिवसांत मोठ्या सैन्यानें एक नवी चढाई केली होती. बडवायझरच्या कंपनीनें 21 जानेवारीस 'ब्लॅक क्राउन' नांवाची लागर बाजारांत आणली. कंपनीच्या बारा ब्रुअऱ्यांतील बारा मुख्य कारागिरांनीं आपापली कृति पुढें ठेवली, लोकांना चाखावयास देऊन तिची निवड झाली, आणि लॉस एंजेलिसच्या कारागिराची कृति पहिली आली. नेहमींच्या बडवायझरमध्यें मद्यार्क शेंकडा 5, या नव्या लागरमध्यें शेंकडा 6; रंग फिक्या पिवळ्याऐवजीं तांबूस; भाजलेल्या कॅरॅमल मॉल्टची जोड. 3 फेब्रुवारीस अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळीं, जेथें अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीस लक्षावधि डॉलर पडतात तेथें, काळ्या पोषाखांतील देखण्या स्त्रीपुरुषांच्या मेळाव्यांत हिचा राज्याभिषेकहि उरकण्यांत आला.

शनिवारीं संध्याकाळीं पुतण्याचे पांच मित्र जमले आणि या राणीची जी संभावना झाली ती ऐकण्यासारखी होती. एक म्हणाला, "सहा टक्के म्हणजे काय मोठासा जोर? आमच्याकडे दहा टक्क्यांच्या स्टाउट आहेत." दुसरी म्हणाली, "चवीचें कांहीं जमत नाहीं म्हणून मद्यार्क वाढविला. लोकांनीं लवकर झिंगावें एवढाच हेतु." तिसऱ्याच्या मतें तो तांबूस रंग म्हणजे छोट्या लोकांचा चोरलेला अंगरखा होता. पहिल्या दोन आक्षेपांचें परस्परांशीं कसें जमतें हें आम्हांला कळेना. मद्यार्क थोडा तर पाणी, वाढविला तर विष! सुनेची भाकरी पातळ झाली तरी बोल, जाड झाली तरी बोल, असा तो प्रकार होता. आम्हीं भीत भीत विचारलें, "आपल्यापैकीं ही कोणी चाखली आहे काय?"

कोणीच चाखली नव्हती. त्यांच्यांतला जो म्होरक्या, तांबड्या दाढीचा एक एंजिनियर, तो हंसून म्हणाला, "चाखायला कशाला पाहिजे? चिठ्ठी वाचतां येते कीं!"

आमच्यांतला परीक्षक येथें जागा झाला. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचें नांव नसतें, क्रमांक असतो. कां, तर परीक्षकाच्या शहाणपणावर विद्यापीठाचा विश्वास नसतो, आणि तो नसतो हेंच योग्य. आम्हीं सुचविलें कीं तीच पद्धति येथें चालवून पाहावी. सर्वांना गंमत वाटली. कोपऱ्यावरच्या दुकानांतून तांबूस रंगाच्या चार लागर आणल्या. एक बॉस्टनची, एक ब्रुकलिनची, एक क्लीव्हलंडची आणि चौथी ही नवी राणी. मंडळींत न पिणारे आम्हीच एकटे, म्हणून स्वयंपाकघरांत दार लावून कागदी पेले भरण्याचें काम आमच्याकडे आलें. पेल्यांवर आम्हीं क्रमांक घातले आणि कोणता क्रमांक कोणाचा तें आमच्या टांचणवहींत लिहून वही कोटाच्या आंतल्या खिशांत ठेवली. फेंस बसूं द्यावा लागतो, पेला तिरपा धरावा लागतो, या गोष्टी त्या रात्रीं आम्हीं आयुष्यांत प्रथम शिकलों.

मग जो अर्धा तास गेला तो आम्ही विसरणार नाहीं. सहाहि जणांचे चेहरे एकदम बदलले. बढाई गेली. प्रत्येकजण पेल्याचा वास घेई, एक घोट तोंडांत फिरवी, डोळे मिटी, कागदावर कांहीं लिही, खोडी, पुन्हा चाखी. आमच्या वर्गांत एखाद्या कवितेवर इतकें लक्ष कोणी दिलेलें आम्हांला स्मरत नाहीं. शत्रु कोणत्या पेल्यांत लपला आहे हें ठाऊक नसल्यामुळें प्रत्येकाला आपल्या जिभेखेरीज दुसरा कोणी सल्लागार उरला नव्हता.

गुणांची बेरीज आम्हींच केली. क्लीव्हलंडची पहिली आली आणि अवघ्या एका गुणानें मागें, दुसरी, ही नवी राणी. दाढीवाल्या म्होरक्यानें तर तिला पहिलाच नंबर दिला होता आणि पुढें शेरा लिहिला होता, 'कोठल्यातरी लहान गांवची, मनापासून केलेली.' आम्हीं वही उघडून क्रमांक वाचला तेव्हां आधीं मोठा हंशा झाला. मग तो एकदम थांबला, कारण म्होरक्या हंसत नव्हता.

कांहीं वेळानें तो म्हणाला, "ठीक आहे. ती मला आवडली. पण मी ती विकत घेणार नाहीं." आणि पुतण्याचें ऐकून तोहि आम्हांला काकाच म्हणूं लागला होता, म्हणून पुढें म्हणाला, "काका, माझा एक मित्र आहे. तीन वर्षें रात्रीं पिंपें घासून त्यानें एक बिअर तयार केली. ती चांगली आहे. पण दुकानांतल्या फळीची लांबी ठरलेली असते. मोठ्या घरची एक नवी बाटली येऊन बसली कीं कोणीतरी धाकटी खालीं उतरते."

दोनच वर्षांपूर्वीं, 2011 सालीं, त्याच शहरांतली गूस आयलंड ही नांवाजलेली ब्रुअरी याच मोठ्या कंपनीनें 3 कोटि 88 लक्ष डॉलरांस विकत घेतली होती. 1988 सालापासून जी आपल्या गल्लींतली म्हणून शिकागोचे लोक मिरवीत, ती एका सकाळीं दुसऱ्याची झाली. आणि ही कंपनी तरी आतां निव्वळ अमेरिकन कोठें राहिली होती? 2008 सालीं इनबेव्ह या युरोपांतील मोठ्या संस्थेनें तीच सुमारें 5,200 कोटि डॉलरांस घेतली होती. गिळणारा मासाहि गिळला गेलेला. हें सारें पुतण्यानें सांगितल्यावर दाढीवाल्याचा राग आम्हांला समजला, आणि तो राग आम्हांला थिल्लर वाटला नाहीं. परंतु एक शंका मनांत राहिली. त्याचें खरें कारण इतकें सरळ आणि सभ्य होतें, तर मग तासभर आधीं त्यानें चवीचें नांव कां पुढें केलें? 'ती माझ्या मित्राची जागा घेते' असें म्हणणें ज्याला शक्य होतें, तो 'ती पाणचट आहे' असें न चाखतां कां म्हणाला?

या शंकेचें उत्तर परतीच्या विमानांत मिळालें. आणि तें दाढीवाल्याविषयीं नव्हतें.

आमच्या महाविद्यालयांत वाणिज्य शाखेला हिशेबशास्त्र शिकविणारे एक गृहस्थ होते. नांव सांगत नाहीं. दिसायला अगदीं साधे, बोलायला त्याहून साधे. ते फावल्या वेळीं रहस्यकथा लिहीत. लाल-पिवळ्या वेष्टनांच्या त्यांच्या पुस्तकांच्या चळती एस. टी. च्या स्थानकावर असत आणि त्या हातोहात खपत. आम्हीं तोंवर एक निबंधसंग्रह प्रसिद्ध केला होता. प्रति पांचशें, पैकीं चारशें आमच्या पलंगाखालीं होत्या. 1998 सालीं या गृहस्थांनीं एक निराळीच कादंबरी लिहिली. सोलापुरांतील गिरणी बंद पडल्यावर एका चाळीचें काय होतें, हा विषय. त्यांनीं ती आपल्या हातानें, पहिल्या पानावर आमचें नांव आदरानें लिहून, आम्हांला दिली. एका मासिकांत आम्ही तेव्हां परीक्षणें लिहीत असूं. आम्हीं दहा ओळींत त्या कादंबरीचा निकाल लावला. 'रहस्यकथांच्या कारखान्यांतून यापेक्षां निराळा माल निघणें कठीणच होतें', असें एक वाक्य त्यांत होतें. तें आम्हांला तेव्हां फार साधलें असें वाटलें होतें. चाळीस पानांपुढें आम्ही गेलों नव्हतों.

दुसऱ्या दिवशीं प्राध्यापकांच्या खोलींत ते आले, आपल्या किटलींतला चहा नेहमींप्रमाणें आमच्या पेल्यांत ओतला, आणि म्हणाले, "आपण दखल घेतलीत, आभारी आहें." त्यांत उपरोध नव्हता. असता तर बरें झालें असतें. त्यानंतर त्यांनीं कादंबरी लिहिली नाहीं. पुढें ते निवृत्त झाले, आणि 2009 सालीं गेले. त्यांचें लेखन आमच्या दहा ओळींमुळें थांबलें असें म्हणण्याइतके आम्ही मोठे नाहीं. पण थांबलें नाहीं असें छातीवर हात ठेवून म्हणण्याचेंहि धैर्य आम्हांला नाहीं.

विमानांत दिवे मालविलेले होते. आम्हीं स्वतःला दाढीवाल्याचाच प्रश्न विचारला. आमची तक्रार काय होती? चव? चव तर आम्हीं घेतलीच नव्हती. आमची तक्रार ही होती कीं त्यांच्या चळती स्थानकावर आणि आमची चळत पलंगाखालीं. फळीची लांबी ठरलेली असते! दाढीवाल्याचा राग निदान मित्रासाठीं होता. आमचा निखळ स्वतःसाठीं. मत्सराला 'मत्सर' म्हणून सभेंत बसवितां येत नाहीं. त्याला रसिकतेची पगडी घातली कीं सगळे उठून जागा देतात.

घरीं आल्यावर तें पुस्तक शोधून काढलें. चाळिसाव्या पानांत बसचें एक जुनें तिकीट खूण म्हणून राहिलेलें होतें. दोन रात्रींत आम्हीं तें वाचून संपविलें. येथें आम्ही असें लिहूं शकलों असतों कीं तें एक उपेक्षित महाकाव्य निघालें. तसें तें नाहीं. शेवट घाईचा आहे, योगायोग फार आहेत, आणि एक बनावट मृत्युपत्र तर सरळ रहस्यकथेंतून चालत आलें आहे. पण साठाव्या पानाच्या पुढें एक प्रकरण आहे. गिरणीचा भोंगा बंद झाल्यावर पहांटे चाळींत कोणालाच जाग येईनाशी होते. तेव्हां एक म्हातारा जॉबर रोज त्याच वेळीं उठून दारोदार कड्या वाजवीत फिरूं लागतो; आणि ज्यांना कोठेंहि जावयाचें नाहीं अशीं ती माणसें उठतात, तोंडें धुतात, आणि ओट्यांवर ओळीनें येऊन बसतात. हें ज्यानें लिहिलें त्याला आम्हीं कारखानदार म्हटलें होतें. ज्या मासिकानें तें परीक्षण छापलें त्याच्या संपादकांना आम्हीं पत्र घातलें कीं, आम्हांला त्या पुस्तकावर पुन्हा लिहावयाचें आहे. त्यांचें उत्तर सौजन्याचें होतें: पुस्तक आतां मिळत नाहीं, जें वाचकाला मिळणार नाहीं त्याचें परीक्षण कशाला? संपादक बरोबर होते. उशीर झाला म्हणजे प्रायश्चित्ताचीहि आवृत्ति संपलेली असते.

एवढ्यावरून मोठ्या कंपन्यांची वकिली आम्हीं पत्करली असें कोणी समजूं नये. 2015 सालच्या त्याच अंतिम सामन्यांत बडवायझरनें एक जाहिरात दाखविली आणि तींत भोंपळा व पीच घातलेल्या एलचे चोखंदळ घोट घेणाऱ्यांची यथेच्छ टर उडविली. गंमत अशी कीं अगदीं त्याच सुमारास तिच्या मालकांनीं सिॲटलची एलिझियन ही ब्रुअरी विकत घेण्याचा करार केला होता, आणि भोंपळा व पीच यांची एल याच एलिझियननें केलेली होती! चिठ्ठी पाहून हंसण्याचा रोग दोन्ही बाजूंस असतो, हें त्या दिवशीं साऱ्या देशानें पाहिलें. उलट, क्राफ्टवाल्यांच्या संघानेंहि 2014 सालीं आपली व्याख्या सैल करून तांदूळ-मका वापरणाऱ्या जुन्या ब्रुअऱ्यांना पंक्तींत घेतलें. 2015 च्या अखेरीस त्या देशांतील ब्रुअऱ्यांची संख्या 1873 च्या आंकड्यापुढें गेली. आणि ती ब्लॅक क्राउन मात्र थोड्याच वर्षांत बाजारांतून नाहींशी झाली. दाढीवाल्याच्या मित्राला फळीवर जागा मिळाली कीं नाहीं, हें विचारावयाचें राहूनच गेलें.

पुण्यांतहि 2009 पासून अशा छोट्या ब्रुअऱ्या निघाल्या आहेत, आणि आमचे माजी विद्यार्थी आतां आम्हांला हॉप्सवर व्याख्यानें देतात. आम्ही ऐकतों. एखादा म्हणाला कीं मोठ्या कंपनीचा माल मी घेत नाहीं, कारण त्यानें लहान धंदा मरतो, तर आम्ही मान डोलावतों. हें कारण चांगलें आहे, तें उघड्या तोंडानें सांगण्यासारखें आहे. पण 'त्याला चवच नसते' असें तो म्हणाला कीं आम्ही त्याला एकच प्रश्न विचारतों, आणि बहुधा तो दुसऱ्या विषयाकडे वळतो.

परीक्षणासाठीं पुस्तकें अजूनहि येतात. पण आतां टपाल आलें कीं आम्ही तें न उघडतांच आंत देतों. आमची गृहिणी पुस्तकाला वर्तमानपत्राचें जाड वेष्टन चढविते, नांवाच्या पानावर कागद डकविते, आणि वेष्टनावर पेन्सिलीनें एक क्रमांक घालून टेबलावर आणून ठेवते. मोठ्या घरचें कोणतें आणि स्थानकावरचें कोणतें हें तिला ठाऊक असतें, आम्हांला नसतें. आमचे शेरे वाचतांना ती कधीं कधीं पदर तोंडाला लावून हंसते. त्याचा अर्थ विचारण्याचें धाडस अजून झालेलें नाहीं. काल एक नवें पुस्तक ठेवतांना तिनें त्याच्या शेजारीं चहाचा पेलाहि ठेवला. तो दिवसांतला चौथा होता.